चार नावांचा चौक

पुण्याहून रोज संध्याकाळी सोलापूरकडे निघणाऱ्या गाडीचे नाव हुतात्मा एक्स्प्रेस. हजारो माणसे या गाडीने ये-जा करतात. 'हुतात्मा पकडली', 'हुतात्मा चुकली', 'हुतात्मा लेट आहे' ही वाक्ये पुणे, दौंड, कुर्डुवाडीच्या फलाटांवर रोज ऐकू येतात. आम्ही दोन घरची मिळून आठ माणसे याच गाडीने निघालो होतो. अडीचशे किलोमीटरांहून थोडा जास्त प्रवास, डब्यात पराठे आणि आंब्याचे लोणचे, आणि मुले खिडकीसाठी भांडत असलेली. मध्येच कुणीतरी विचारले, "हुतात्मा म्हणजे कोणते हुतात्मा?" थोरल्या मुलाने लगेच उत्तर दिले, "मुंबईचे. फ्लोरा फाउंटनचे."

उत्तर चुकीचे असले तरी त्याचा दोष नव्हता. मुंबईचा हुतात्मा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला, आणि शाळेच्या सहलीत तो सगळ्यांना दाखवतात. सोलापूरचा चौक त्याहून पाव शतक आधीच्या घटनेचा आहे, आणि गाडीला नाव मिळाले ते त्या सोलापूरच्या हुतात्म्यांवरून. डब्यातल्या शेजाऱ्यांनाही आम्ही विचारून पाहिले. एकाला चारही नावे येत होती, तो सोलापूरचाच निघाला. बाकीचे हसले आणि मोबाईलमध्ये डोके घालून बसले.

सकाळी फजरनंतर लवकरच बाहेर पडलो. सोलापूरचे ऊन नऊ वाजल्यापासून माणसाला सावलीत ढकलू लागते, त्यामुळे लहान मुले आणि वडीलधारी सोबत असतील तर हीच वेळ बरी. रिक्षावाल्याला आम्ही "चार हुतात्मा चौक" म्हणालो. तो म्हणाला, "चार पुतळा म्हणा की मालक." सोलापुरात अनोळखी माणसालाही 'मालक' म्हणतात, हे आमच्यातल्या लहानग्याला इतके आवडले की दिवसभर तो आपल्या धाकट्या बहिणीला 'मालक' म्हणून हाक मारत होता.

चौक शहराच्या अगदी मध्यावर आहे. एका अंगाला पार्क चौक आणि स्टेडियम, दुसरीकडे भुईकोट किल्ला, पलीकडे सिद्धेश्वर तलाव आणि त्याच्या पाण्यात उभे असलेले मंदिर. जवळच होम मैदान, जिथे जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते. कामावर जाणारी माणसे, शाळेच्या रिक्षा, एस.टी., टोवेलांचे गठ्ठे बांधलेल्या मोटारसायकली, सगळे त्या चार पुतळ्यांना वळसा घालून जाते. निवांत उभे राहून पाहावे अशी ही जागा नाही. रस्ता ओलांडताना मुलांचे हात घट्ट धरावे लागतात. आम्हाला वाटते, चौक जिवंत आहे तो यामुळेच. कुठल्याही पक्षाचा, संघटनेचा मोर्चा असो, आधी येथे हार घालायचा आणि मग पुढे जायचे, अशी शहराची रीत झाली आहे. आम्ही गेलो तेव्हाही पुतळ्यांच्या गळ्यात वाळलेले हार होते. कुणाचे, कधीचे, ते कळायला मार्ग नव्हता.

नावे अशी: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. नुसती वाचली तरी सोलापूर डोळ्यांपुढे उभे राहते. कानडी बोलणारे लिंगायत, मारवाडी व्यापारी, मराठी घरे आणि दखनी बोलणारे मुसलमान. मागावर बसणारे तेलुगू पद्मशाली तेवढे या चौघांत नाहीत, पण १९३० च्या त्या दिवसांत रस्त्यावर तेही होते. आजही या शहरातला माणूस दुकानात एका भाषेत बोलतो, घरी दुसऱ्या आणि रिक्षात तिसऱ्या.

आता जे घडले ते. मुलांना आम्ही किल्ल्याजवळच्या हुतात्मा बागेत सावलीला बसवून सांगितले, तसेच येथे सांगतो.

१९३० साली सोलापूर हे गिरण्यांचे गाव होते. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, एवढ्या चिमण्यांच्या धुरात वाढलेले, दीड लाखाच्या आतल्या वस्तीचे कामगारांचे शहर. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते तो फडकवला गेला, आणि देशात पालिकेच्या इमारतीवर झेंडा लावणारी पहिली नगरपालिका आमचीच, असे सोलापूरची महानगरपालिका आजही अभिमानाने सांगते. पुढे ५ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली. बातमी येताच गिरण्या ओस पडल्या, दुकाने बंद झाली, सभा आणि मिरवणुका सुरू झाल्या.

८ मेचा दिवस निर्णायक ठरला. दारूबंदीच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून तरुण मंडळी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडायला गेली होती. पोलिसांनी काहींना पकडले, जमावाने गाडी अडवली. कलेक्टर नाईट तेथे होता. गोळीबार झाला आणि हातात झेंडा घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण पडला. सोलापूरचा पहिला हुतात्मा तो. त्याचे नाव चौघांच्या मागे राहून जाते, म्हणून येथे मुद्दाम घेतले. त्यानंतर लोक भडकले. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली गेली, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली, पोलिसांचे जीव गेले. सोलापुरात अशी हकीकत सांगतात की त्या दिवशी संतापलेल्या जमावाला आवरून कलेक्टरचा जीव वाचवण्याचा प्रयत्न मल्लप्पा धनशेट्टी यांनीच केला होता.

यानंतरचे तीन-चार दिवस सोलापूर विसरलेले नाही. इंग्रज अधिकाऱ्यांचा अंमल शहरातून जवळजवळ उठला. ९, १०, ११ मे. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवरची वाहतूक सांभाळली, बंदोबस्त ठेवला. देश स्वतंत्र होण्याच्या सतरा वर्षे आधी हे शहर तीन दिवस स्वतंत्र होते, असे म्हणताना सोलापूरकराचा आवाज बदलतो. १२ मेला लष्कर आले आणि मार्शल लॉ पुकारला गेला. जूनअखेरपर्यंत तो चालला. झेंडा हाती धरणे गुन्हा झाला, गांधी टोपी घातलेल्या माणसाची टोपी रस्त्यात उतरवली जाऊ लागली, रात्री घराबाहेर पडणे बंद झाले. चहाच्या टपरीवर भेटलेले, मिलमधून निवृत्त झालेले एक चाचा आम्हाला म्हणाले की त्यांचे वालिद तेव्हा लहान होते, आणि म्हातारपणीसुद्धा बुटांचा आवाज आला की ते मार्शल लॉची आठवण काढत.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांवर खटला चालला. फाशीची शिक्षा झाली. अपिले टिकली नाहीत. सोलापूरकर ठामपणे मानतात की हे चौघे त्या हत्येत नव्हते, सरकारला शहराला धडा शिकवायचा होता आणि त्यासाठी लोकांना ठाऊक असलेली माणसे हवी होती. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले.

त्या जानेवारीकडे जरा थांबून पाहू. ४ जानेवारीला लंडनमध्ये मौलाना मुहम्मद अली यांचा इंतकाल झाला होता. गोलमेज परिषदेसाठी आजारी अवस्थेत गेलेले मौलाना गुलाम मुल्कात परतले नाहीत, त्यांची दफनविधी बैतुल मुकद्दसला झाली. आपल्या घराघरांत ती आठवण आहे. अली बंधूंची नावे आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती, खिलाफतीच्या गोष्टी आपण ऐकत वाढलो. पण बरोबर आठ दिवसांनी, आपल्याच महाराष्ट्रात, जेमतेम विशी ओलांडलेला एक मुसलमान तरुण फासावर गेला, हे आपल्यापैकी किती घरांत सांगितले गेले? आणखी एक गोष्ट. १२ जानेवारीच्या त्या सकाळी गांधीजी स्वतः येरवड्यातच कैदेत होते. त्यांच्या सुटकेला अजून दोन आठवडे होते. ज्या अटकेच्या बातमीने सोलापूर पेटले, त्या अटकेतला कैदी आणि त्यापायी फाशी गेलेले चौघे, एकाच तुरुंगाच्या भिंतींच्या आत. पुढे मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, २३ मार्चला भगतसिंग आणि त्यांचे साथी लाहोरला फासावर गेले, आणि सगळ्या देशाची नजर तिकडे वळली. सोलापूरचे चौघे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत आले ते त्यामुळेही असेल.

कुर्बान हुसेन यांच्याबद्दल थोडे सविस्तर. ते पत्रकार होते. 'गझनफर' नावाचे वृत्तपत्र ते चालवत. गझनफर म्हणजे सिंह. महाराष्ट्रातल्या एका तरुणाने आपल्या पत्राला हे नाव द्यावे, यात त्याच्या वयाची रग दिसते. गिरणी कामगारांत त्यांचे काम होते. ज्या वयात आज आपण मुलाला "आधी पदवी पूर्ण कर" म्हणतो, त्या वयात हा मुलगा पत्र काढून, कामगारांच्या सभांत बोलून सरकारच्या डोळ्यावर आला होता. छपाईचा खर्च, कागद, खिळे जुळवणारा माणूस, गठ्ठे वाटणारी पोरे, आणि दर अंकाला सरकारी नजर. ज्यांनी कधी छोटे मासिक किंवा साप्ताहिक चालवले असेल त्यांना यातले कष्ट सांगावे लागणार नाहीत.

म्हणून आम्हाला एक गोष्ट खटकते, आणि ती आपल्याच लोकांबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत कुर्बान हुसेन यांचे नाव भाषणांत बरेच ऐकू येते. कुणी आपल्या निष्ठेवर शंका घेतली की आपण ते नाव दाखल्यासारखे पुढे करतो. बघा, आमचाही एक होता. दाखला काढला, दाखवला, पुन्हा खिशात ठेवला. त्या माणसाने काय लिहिले, कुठल्या कामगारांसाठी भांडला, त्याच्याबरोबर फासावर गेलेले तिघे कोण होते, यात आपल्याला रस नसतो. दुसऱ्या बाजूला शासकीय कार्यक्रमात चौघांची नावे एका श्वासात घेतली जातात आणि तेवढ्यावर काम भागते. दोन्हीकडून माणूस हरवतो. चौकात पुतळ्यापुढे उभे राहिल्यावर आमच्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारले, "यांची बाकीच्या तिघांशी दोस्ती होती का?" दाखल्याच्या विचाराने आलेल्या माणसाला हा प्रश्न सुचला नसता. चळवळीत एकत्र, खटल्यात एकत्र, फाशीच्या कोठडीत एकत्र. महिनोन्महिने. इतके सांगून आम्ही पुढचे तिच्यावर सोडले.

वडीलधाऱ्या खालांनी तेथेच रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात उचलले आणि मगफिरतीची दुआ केली. पुतळ्यापुढे दुआ कशी, असा सवाल आमच्यातल्या एका तरुणाने हळूच केला. खाला म्हणाल्या, "पुतळ्यासाठी कोण करतंय? मरहूमसाठी करतेय. अल्लाहला ठाऊक आहे मी कुणाचं नाव घेतलं." यावर कुणी पुढे बोलले नाही. बाकीच्या तिघांची नावे त्यांनी मुलांकडून पुन्हा विचारून घेतली.

चौकातून किल्ला चालत गाठता येतो. बहमनी काळातला हा भुईकोट किल्ला, काळ्या दगडाचा, आत बाग. मुलांना पळायला जागा मिळाली आणि आम्हाला बसायला. या किल्ल्याची एक गोष्ट बायकांनी विशेष रस घेऊन ऐकली. सोलापूर हे निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सरहद्दीवरचे ठाणे, आणि दोन्ही घराण्यांना ते हवे होते. विजापूरची शहजादी मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा या किल्ल्याचा वाद उभा राहिला आणि त्यावरून लढाया झाल्या. पुढे अहमदनगरची चाँदबीबी अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून गेला. "म्हणजे जहेजमध्ये अख्खा किल्ला!" असे म्हणून आमच्यातल्या दोघी जावा खूप हसल्या. हसून झाल्यावर एक जण म्हणाली की त्यावरूनही भांडण मिटले नाहीच. जहेजचे तसेच असते.

सिद्धेश्वर मंदिर आम्ही तलावाच्या काठावरून पाहिले. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, बसवेश्वरांच्या काळातले. शहराला तळे त्यांच्या नावाचे. मकरसंक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा सगळे सोलापूर रस्त्यावर असते, आणि हुतात्म्यांचा १२ जानेवारी हा दिवस नेमका त्याच गडबडीत येतो. चौकात सकाळी पुष्पहार, शाळांच्या प्रभातफेऱ्या आणि मागे होम मैदानावर पाळणे उभारण्याचे ठोके. ज्यांना चौक गर्दीत पाहायचा आहे त्यांनी तेव्हा जावे. लहान मुले असतील तर मात्र यात्रेआधी किंवा नंतर.

दुपारी जोहरला विजापूर वेशीकडे गेलो. रमजानमध्ये येथला बाजार रात्रभर जागा असतो. इतर दिवशीही कापड, अत्तर, बांगड्या, शेवया सगळे मिळते. बेगम पेठेच्या गल्ल्यांतून फिरताना दखनी कानावर पडते आणि पुण्या-मुंबईच्या मुलांना ती गंमतीची वाटते. सोलापूरला गेले आणि चादर घेतली नाही असे होत नाही. ज्या गिरण्यांनी १९३० चे शहर घडवले त्या आता बंद आहेत, कुठे भिंत उरली, कुठे नुसते नाव. यंत्रमाग मात्र चालू आहेत. दुकानदाराने दोन चादरी उलगडून ठेवल्या, किंमत सांगितली आणि आम्ही घासाघीस करू लागलो तसा हसून म्हणाला, "घ्या की मालक, आयुष्यभर फाटणार नाही." शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून घेतली. खालांना दात नाहीत, त्यांनी भाकरी चहात बुडवून खाल्ली आणि तारीफ केली.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने गेलात तर रात्री पोहोचाल आणि परतीची गाडी सकाळी लवकर सुटते, म्हणजे शहर पाहायचे तर दोन रात्री हव्यात, नाहीतर परतताना दुसरी गाडी धरावी. चौक, हुतात्मा बाग, किल्ला, तलाव आणि हुतात्मा स्मृती मंदिर हे सभागृह एकमेकांच्या आसपास आहे, अर्ध्या दिवसात आरामात होते. उन्हाळ्यात जाऊ नये. आणि जाण्याआधी मुलांना चार नावे पाठ करायला लावावीत. तेथे जाऊन फलक वाचण्यात आणि घरून ओळखीचे नाव घेऊन जाण्यात फार फरक पडतो, हे आमच्या मुलांच्या चेहऱ्यांवर आम्ही पाहिले.

आता एक विनंती. आम्ही सोलापुरात जुन्या कागदांची आवड असलेल्या दोन-तीन माणसांकडे 'गझनफर'चा एखादा अंक पाहायला मागितला. आम्हाला तो मिळाला नाही. वृत्तपत्र हे घरोघरी जाणारे असते. सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, पलीकडे विजापूर, गुलबर्गा, या भागातल्या कुणा वाचकांच्या घरी आजोबांची पेटी असेल, माळ्यावर जुनी पुस्तके बांधून ठेवली असतील, तर एकदा उघडून पाहावीत. १९३० च्या आगेमागेचे मोडी, उर्दू, मराठी कोणतेही छापील पान, पत्रक, सभेची नोटीस सापडली तर रद्दीत घालू नये, वाळवीपासून जपावे, आणि मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. मूळ कागद पाठवू नका, तो तुमच्याच घरी राहू द्या. फोटो पाठवलात तरी पुरेल.